मशीन चालवणार कोण?

कापडाच्या बाबतीत मास्तरांना कुणी गंडवू शकलं नसतं. नुसता काठ चिमटीत धरून ते सांगायचे, हे धुतल्यावर आटणार, हे विटणार, आणि हे कितीही चांगलं असलं तरी तुमच्या जावयाच्या पोटावर बसणार नाही. चाळीस वर्षं शिलाई केलेला माणूस. पण बागेच्या सामानाच्या दुकानात गवत कापायच्या मशिनांची रांग समोर आली आणि मास्तरांची पार भंबेरी उडाली. एक लाल, एक हिरवं, दोन पिवळी. एकाला वायरचं लांबलचक शेपूट, एकाला बॅटरी, एकाला पेट्रोलचा वास. आणि कोपऱ्यात एक अगदीच गरीब बिचारं, दोन चाकं, मधे पाती आणि वर दांडा.

“अंगण केवढं आहे?” दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं. बाई आडव्या बांध्याच्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या, आणि शांत.

“आहे बऱ्यापैकी.”

“सपाट की उताराचं?”

मास्तर विचारात पडले. त्यांचं शिलाई मशीन मागच्या खिडकीशी होतं. तीस वर्षं त्या खिडकीतून अंगण दिसत होतं, म्हणजे दिसायला हवं होतं; पण सुईत दोरा ओवणारा माणूस खिडकीचा उजेड घेतो, खिडकीबाहेरचं बघत नाही.

“सपाटच असणार,” ते म्हणाले.

“गवत कुठल्या जातीचं?”

“हिरवं.”

बाईंनी पेन्सिल कानामागून काढली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि परत खोचली. “बरं, ते राहू द्या. मशीन चालवणार कोण?”

आता हा काय अवघड प्रश्न होता? पण मास्तरांची नेमकी इथेच गाडी अडली. ते गळ्यातल्या टेपशी चाळा करत उभे राहिले. शिलाईचं काम सोडलं तरी टेप गळ्यातून सुटला नव्हता. शेवटी “मोजून येतो” एवढं म्हणून, सगळ्या मशिनांची माहितीपत्रकं बगलेत मारून ते बाहेर पडले.

खरी गोष्ट अशी होती. अंगण हे त्यांच्या बायकोचं खातं. दर आठवड्याला ती आपलं जुनं हाताने ढकलायचं मशीन घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे चालायची. दोन महिन्यांपूर्वी तिने तीनदा सांगितलं होतं, “अहो, पात्यांना धार लावून द्या.” मास्तर म्हणजे धारेच्या बाबतीत मोठं नाव. न्हाव्याच्या कात्र्या, फुलवालीची सुरी, सगळं त्यांच्याकडे यायचं. तिन्ही वेळा ते म्हणाले, “उद्या.” दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग एका सकाळी मशीन गवतात अडकलं, तिने जोर लावला, मशीन उसळलं आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मुलगी तिला आपल्या घरी घेऊन गेली.

ती सगळ्यांना म्हणाली, “पाय घसरला.” मास्तरांनी ते ऐकलं आणि गप्प बसले. गप्प बसले ते बसले, वर दुसऱ्याच दिवशी जुनं मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं. कुणी त्या पात्यावर बोट फिरवून बघू नये म्हणून. तिला खरंच पाय घसरला असं वाटत होतं, की ती त्यांना सांभाळून घेत होती? दोन महिने त्यांनी हा प्रश्न उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि त्यांना शिवण काही सापडली नाही.

आणि आता मुलगी म्हणत होती, “आई इथेच राहील. तुम्हीही या, बाबा. ते घर विकून टाकू.” बायको हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. “रविवारी येऊन बघते, मग ठरवते,” एवढंच म्हणाली होती. ती काय बघणार होती, हे मास्तरांना विचारायची हिंमत नव्हती. पण अंगणात गवत गुडघाभर, मशिनाची जागा रिकामी, असं बघितलं तर ती त्याच पावली परत फिरेल आणि मग हे घर संपलं, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

म्हणून नवं मशीन. पण कुठलं? हलकं, तिला झेपेल असं आणावं, तर ती म्हणेल, “हाड जुळलं नाही तोवर कामाला जुंपायला बसलात का?” दणकट, स्वतःला चालवता येईल असं आणावं, तर ती म्हणेल, “म्हणजे मी आता जन्मभर खिडकीत बसायचं?” इकडे आड तिकडे विहीर. आणि वर ती मालकीणबाई विचारते, चालवणार कोण.

शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहत होते. त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. त्यांनी पत्रकं बघितलीही नाहीत. “इंजिन पाहिजे, मास्तर. इंजिन नसलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही.”

“पण आवाज?”

“आवाज आला म्हणजे काम चाललंय हे कळतं. बायकोला घरात बसून ऐकू येईल, तुम्ही राबताय ते.”

हे मास्तरांना एकदम पटलं. माणूस गोंधळलेला असला की ठाम बोलणारा कुणीही त्याला शहाणा वाटतो.

बुधवारी त्यांनी अंगण मोजलं. टेप साठ इंची, अंगण भलतंच मोठं, पण मास्तरांची चिकाटीही मोठी. साठ इंच झाले की खडूच्या जागी एक टाचणी जमिनीत खोचायची, पुढे सरकायचं. आकडे त्यांनी मापांच्या वहीत लिहिले: लांबी, रुंदी, आणि कुंपणाशी जमीन जरा खाली जात होती त्यासमोर ‘खांदा उतरता’. मग त्यांनी बोळ मोजला. घराला मागचं दार नव्हतं. अंगणात जायचं ते घराची भिंत आणि शेजारची भिंत यांच्यामधल्या बोळातूनच. त्याचाही आकडा वहीत चढला. टाचण्या मात्र गवतातून वेचता वेचता दोन तास गेले, आणि एक शेवटपर्यंत सापडली नाही. आता ती बायकोच्या पायात जाईल की काय, ही एक नवी काळजी लागली.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

“गवत किती वाढलंय?”

“आहे थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“घोट्यापर्यंत,” मास्तर म्हणाले. त्यांनी घोटा बराच वर सरकवला होता.

“आणि मशीन आहे ना जागेवर?”

मास्तरांना क्षणभर सांगून टाकावं, असं वाटलं. “हं,” ते म्हणाले.

“हं म्हणजे?”

“हं म्हणजे आहे.” फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की चहा गरम करून ते प्यायलाच विसरले.

गुरुवारी पेट्रोलचं मशीन आलं. मालकीणबाईंनी विचारलं होतं, “आत न्यायला वाट केवढी आहे?” मास्तरांनी ऐटीत वही उघडून दाखवली होती: चोवीस इंच. मशीन तेवीसचं. “बसेल,” बाई म्हणाल्या होत्या. ड्रायव्हरसाहेबांनी कुणाचा तरी टेम्पो आणला, गाणं म्हणत मशीन उतरवलं, बोळाच्या तोंडाशी नेलं, आणि ते तिथेच थांबलं. डावं चाक घराच्या भिंतीला टेकलं, उजवं शेजारच्या.

“जोर लावा,” ड्रायव्हरसाहेब म्हणाले. लावला. भिंतीचा रंग गेला.

“तिरकं करा.” तिरकं केल्यावर आतलं तेल बाहेर येऊ लागलं.

“मास्तर, मोजलं होतंत ना?”

“म्हणजे काय! चाळीस वर्षं मोजतोय! हे बघा, चोवीस!” मास्तरांनी वही नाचवली, गळ्यातला टेप काढला आणि भिंतीला लावला. बावीस. परत लावला. बावीस. टेप उलटा करून लावला, तरी बावीसच.

ते टेपकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माणसाचं माप घेतलं की मास्तर दोन इंच जास्त लिहायचे. छाती छत्तीस असेल तर वहीत अडतीस, नाहीतर शर्ट घातल्यावर माणूस श्वास कसा घेणार? आता ते ठरवून करावं लागत नव्हतं, हातच करायचा. हाताने बोळालाही दोन इंच श्वास घ्यायला दिले होते.

ड्रायव्हरसाहेबांना हे कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ते टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसले. “मास्तर,” ते डोळे पुसत म्हणाले, “तुम्ही बोळाला शर्ट शिवायला निघाला होतात!”

मास्तरांना हसू आलं नाही. जे एकच काम आपल्याला येतं असं वाटत होतं, तेही चुकलं होतं. मग बाकीचं काय घेऊन बसायचं?

शुक्रवारी मशीन परत गेलं. मालकीणबाईंनी तक्रार न करता परत घेतलं, तेलाचे डाग पुसले, आणि कोपऱ्यातलं गरीब बिचारं मशीन पुढे ओढलं. “हे अठरा इंच. बोळाचं माप कितीही चुकवा, जाईल.” त्यांनी चाक फिरवलं. “बाकीची मशिनं गवत तोडतात. हे कापतं.”

मास्तर खाली बसले. गोल फिरणारी पाती एका सरळ पट्टीला चाटून जात होती. त्यांनी खिशातून कापडाची एक चिंधी काढली, पात्याखाली धरली आणि चाक हळूच फिरवलं. चिंधीचे दोन तुकडे झाले. एक धागा निघाला नाही. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना या जगातलं काहीतरी कळलं.

“ही तर कात्रीच आहे.”

“कात्रीच. पण धार वेळेवर लावायला लागते हं. नाही लावली तर मधेच अडकतं, आणि ढकलणारा पडतो तोंडावर.”

बाई आपल्या सहज बोलून गेल्या. मास्तर उठले ते चिंधीचे दोन्ही तुकडे मुठीत घट्ट धरून.

“तर, चालवणार कोण?” बाईंनी पावती पुढे ओढली.

“ते तुम्ही सारखं का विचारता?” मास्तर एकदम चिडून म्हणाले. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

बाई गोंधळल्या. “अहो, दांड्यासाठी. दांडा चालवणाराच्या कोपराएवढा उंच लावायचा असतो. इथे बोल्ट पक्का करून देते मी. तुमच्या मापाने लावला आणि चालवणार दुसरंच कुणी असलं, तर त्यांचे खांदे जातील.”

“एवढंच?”

“मग आणखी काय?”

मास्तरांनी चिंधीचे तुकडे खिशात घातले. “रविवारी सांगतो,” ते म्हणाले. बाईंनी पावतीवर तो रकाना कोरा ठेवला आणि मशीन मंगळवारी घरी पोचवते म्हणाल्या. गुडघाभर गवत आधी विळ्याने उतरवा, मगच हे चालवा, असंही बजावलं.

शनिवारी मास्तर विळा घेऊन बसले. दिवसभरात कंबरेचा काटा ढिला झाला आणि कापून झाली ती एक पट्टी: बोळापासून अंगणाच्या मध्यापर्यंत, पँटच्या शिवणीसारखी सरळ. बाकी गवत दोन्ही बाजूंना तसंच उभं. हरवलेली टाचणी मात्र सापडली.

रविवारी दहाला मुलीची गाडी आली. बायको उतरली, वॉकर धरून. मास्तरांना वॉकरची सवय नव्हती. ते दोन महिन्यांत चारदा भेटायला गेले, तेव्हा ती खुर्चीतच बसलेली होती. ती आधी घरात गेलीच नाही. वॉकर टेकत टेकत सरळ बोळाकडे वळली. टक. वॉकरचा डावा पाय घराच्या भिंतीला लागला, उजवा शेजारच्या.

 मशिनासाठी मास्तरांनी बोळ मोजला होता. हिच्यासाठी मोजायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“बघितलंस, आई?” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. “मी हेच म्हणत होते. हे घर आता तुझ्यासाठी नाही.”

बायकोने वॉकर मुलीच्या हातात दिला. “तुम्ही आधी शिरा,” ती मास्तरांना म्हणाली. “उलटे.”

मास्तर पाठमोरे बोळात शिरले. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि एकेक पाऊल टाकत आली. तिचे हात गार होते आणि पकड पूर्वीसारखीच होती. “मागे बघू नका, माझ्याकडे बघा,” ती म्हणाली. बावीस इंचांतून दोघं असे अंगणात आले, आणि ती कापलेल्या पट्टीवर त्यांचा खांदा धरून उभी राहिली. मागून वॉकर डोक्यावर धरून मुलगी आली.

बायकोने गवत बघितलं. “घोटा फारच उंच आहे तुमचा.” मग तिने भिंतीलगतची रिकामी जागा बघितली. “मशीन कुठाय?”

“भंगारात दिलं.”

“कधी?”

“तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी.” मास्तरांना पुढचं बोलायचं नव्हतं, पण ते बोललेच. “धार नव्हती त्याला. तू तीनदा सांगितलंस, मी लावली नाही. म्हणून पडलीस तू. कुणी बघू नये म्हणून देऊन टाकलं.”

मुलगी वॉकर उघडता उघडता थांबली. “बाबा!”

 बायको म्हणाली, “ढकलणारी मीच होते ना? धार नाही ते मला नाही कळणार, तर काय ड्रायव्हरसाहेबांना कळणार?”

“मग पाय घसरला असं का सांगितलंस?”

“तुम्ही येऊन सांगाल म्हणून. टेलरचं ‘उद्या’ म्हणजे काय ते माहीत आहे मला, पण दोन महिने? एवढा तर तुम्ही कुणाचा कोटही रखडवला नाहीत.” तिचा आवाज जरासा हलला. “आणि मीही काही कमी नाही. अडकत होतं तरी ढकलत होते. तुम्हाला अर्धवट कापलेलं अंगण दाखवायचं होतं आणि चार शब्द सुनवायचे होते. ते राहूनच गेले.”

मास्तरांना काही सुधरेना. ही माफी होती की फिर्याद? त्यांनी खिशातून पावती काढली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. “नवं घेतलंय. मंगळवारी येणार. दुकानातल्या बाई विचारतायत... मशीन चालवणार कोण?”

“मी,” बायको म्हणाली.

“आई, डॉक्टर काय म्हणालेत ते विसरलीस?”

“सहा महिने नाही म्हणालेत. सहा महिने हे चालवतील. पण दांडा माझ्या मापाचा लावायला सांगा. तोवर जरा वाकून चालवू दे यांना.”

मुलीने उघडलेला वॉकर आईपुढे ठेवला आणि मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. गवतात गुडघे टेकून त्यांनी टेपचं टोक तिच्या पावलाशी धरलं आणि कोपरापर्यंत नेलं. डाव्या बाजूला अडतीस. उजव्या बाजूला साडेसदतीस. त्यांनी परत मोजलं. ऑपरेशननंतर ती उजवीकडे अर्धा इंच खाली आली होती, आणि हे कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं. पेन्सिल वहीवर तशीच थांबली. त्यांना रडू येईल असं वाटायला लागलं.

“काय झालं?”

“दोन मापं येतायत. कुठलं लिहू?”

“जे आहे ते लिहा. दोन्ही लिहा. तुमच्याकडचं काही घालू नका.”

त्यांनी दोन्ही लिहिली. मग तसेच खाली बसून विचारलं, “म्हणजे तू रागावलेली नाहीस?”

“रागावलेय तर! चांगली रागावलेय.” बायको मुलीकडे वळली. “गाडीतली बॅग आण, बाई. आणि वॉकरवरून तोंड असं पाडू नकोस, महिन्याभराने काठी मिळणार आहे मला. बोळ तोवर कुठे पळून जात नाही.” मग तिने मास्तरांच्या खांद्यावर पुन्हा हात टेकला. “चला, उठा. एकदा घरात बसू दे नीट. मग सांगते काय सांगायचं ते.”

मास्तर उठले. ती काय सांगणार होती, किती वेळ सांगणार होती, आणि शेवटी माफ करणार होती की नाही, यातलं त्यांना काहीच कळलं नव्हतं. फक्त ‘घरात’ एवढा शब्द त्यांनी ऐकला होता. तिने हात पुढे केले, त्यांनी ते धरले, आणि ते उलटे बोळात शिरले.